देवाबद्दलचा तुमचा प्रश्न कुठे उभा राहिला?

देव आहे की नाही यावर वाद घालायला जागा पुष्कळ आहेत, इथे तो नको. मला हवा आहे तो प्रसंग, जेव्हा देवाबद्दल तुम्हाला असा प्रश्न पडला की त्याने नंतर पाठच सोडली नाही. पुढे त्याचं काय झालं, तेही या धाग्यावर लिहा. सुरुवात मी करतो.

माझा पुतण्या अकरा महिन्यांचा असताना गेला. हृदयात जन्मजात दोष होता. भेटायला आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पूर्वजन्मीचं काही राहिलं असेल, बाळा. फेडून गेला." त्यांच्या आवाजात माया होती, हे मी आजही सांगेन. वहिनीच्या हातात त्याचं टोपडं होतं. ते ती उलटं करायची, परत सुलटं करायची. तिने मान वर केली आणि विचारलं, "म्हणजे चूक त्याची होती?"

कोणीच काही बोललं नाही. मीही नाही, आणि मी तर तत्त्वज्ञान शिकवतो.

ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, हाच आक्षेप घेतलेला आहे, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, ३४व्या सूत्रात. कोणी सुखात लोळतो, कोणी दुःखात पिचतो. मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर असं की ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्माला धरून फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दृष्टान्त देतात: पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, भात आणि जव वेगळे उगवतात ते आपापल्या बीजामुळे. पुढच्याच सूत्रात शंका येते की सृष्टीच्या आरंभी कर्म आलं कुठून? त्यावर उत्तर: संसार अनादी आहे, त्याला आरंभच नाही. युक्तिवाद म्हणून हे पक्कं बांधलेलं आहे, मी ते वर्षानुवर्षं शिकवलं. पण वहिनीच्या प्रश्नाला त्यातून एकच उत्तर निघतं, "हो", आणि ते तिच्यासमोर उच्चारायची माझी छाती नाही. ज्याला उत्तर हवंय त्याच्यापुढे ते ठेवता येत नसेल, तर ते उत्तर असतं तरी कोणासाठी? मी इथे अडकलोय.

*

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. २२ वर्षं झाली.

दोन पेट्या शेजारी शेजारी होत्या. दोन्ही बाळं २७ आठवड्यांची, किलोभराचीसुद्धा नाहीत. पेटीला हात घालायला गोल झरोके असतात. दोघांचेही वडील कोपरापर्यंत हात धुऊन यायचे, झरोक्यातून एक बोट आत सरकवायचे आणि बाळाची मूठ त्या बोटाभोवती मिटायची. एवढीशी मूठ, बोटाच्या पेरालाही पुरी न पडणारी. मग दोघंही डोळे मिटून पुटपुटत उभे राहायचे. शब्द वेगळे असतील, पण ओठांची हालचाल सारखीच वाटायची.

नवव्या दिवशी एका बाळाच्या आतड्यात संसर्ग झाला आणि ते गेलं. दुसरं नऊ आठवड्यांनी घरी गेलं. निघताना त्याच्या वडिलांनी माझे दोन्ही हात धरले. "सिस्टर, देवाने आमचं ऐकलं." मलाही भरून आलं होतं, तेव्हा काही खटकलं नाही. घरी जाताना मात्र त्या वाक्याचं दुसरं टोक टोचायला लागलं. यांचं ऐकलं, मग त्यांचं?

प्रार्थना मी सोडलेली नाही. पण कुठल्या बाळाला वाचव असं आता म्हणत नाही. माझा हात स्थिर राहू दे, सुई पहिल्याच वेळी शिरेत लागू दे, एवढंच मागते. हे बरोबर की चूक ते मला सांगता येणार नाही.

*

वरच्या ताईंचं वाचून लिहितोय. माझं काम आकडेवारीचं. वडिलांची बायपास ठरली होती. आदल्या रात्री आई देवासमोरून उठेना. मी तिला जेवायला बोलवायला गेलो आणि नको तिथे शहाणपण केलं. २००६ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, बायपासच्या १,८०२ रुग्णांचा. तीन गट होते. अनोळखी लोकांनी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली, पण ज्यांना तसं पक्कं माहीत नव्हतं, त्यांच्यातल्या ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली. प्रार्थना न केलेल्यांत ५१. आणि प्रार्थना होते आहे हे ज्यांना निश्चित सांगितलं होतं, त्यांच्यात ५९. हे सगळं मी आईला ऐकवलं.

ती म्हणाली, "बरं. तू जेवून घे." आणि परत डोळे मिटले.

आकडे खरे आहेत. पण त्या अभ्यासात प्रार्थना करणाऱ्यांच्या हातात रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर एवढंच होतं. आईच्या हातात ४१ वर्षांचा संसार होता. त्यातलं मोजता येण्याजोगं काय होतं, हे मला तेव्हा सुचलंच नाही. वडील बरे आहेत. त्या रात्रीबद्दल मी आईची माफी मागितली, तर तिला आठवतही नव्हतं. मला आठवतं.

*

भूगर्भशास्त्र शिकवते. दरवर्षी पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या भूकंपावर एक तास घेते. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च माणसांनी भरलेली. भूकंपाने छतं कोसळली, लोक मोकळ्या जागेकडे, किनाऱ्याकडे धावले तर समुद्र चाल करून आला, आणि उरलेलं शहर कित्येक दिवस जळत राहिलं. युरोपभर विचारलं गेलं की प्रार्थनेला जमलेल्यांवरच हे का. काहींनी पापाची शिक्षा म्हटलं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७५६ मध्ये भूकंपावर लिहिलं ते नैसर्गिक कारणांच्या बाजूने. त्याची जमिनीखालच्या पोकळ्यांची कल्पना पुढे टिकली नाही, पण शोधायची दिशा योग्य होती.

मी वर्गात सांगते की भूपट्ट सरकतात म्हणून डोंगर उभे राहतात, आत गाडला गेलेला कार्बन ज्वालामुखींतून परत हवेत येतो, हवामान सावरलं जातं. ज्या हालचालीने ती चर्च पाडली, तिच्यामुळे पृथ्वी जगण्याजोगी राहिली. मला स्वतःला या उत्तराचा फार आधार वाटायचा. मग एका मुलीने मागच्या बाकावरून विचारलं, "बाई, पण देव सर्वशक्तिमान असेल तर त्याला दुसरी पृथ्वी जमली नसती का?"

नियमांशिवाय जग नसतं, असं काहीतरी मी बोलले. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या भावाला नुकतंच दुर्धर आजाराचं निदान झालं होतं, हे मला आठवड्याने कळलं.

*

माझा छोटासा आहे. लेक सात वर्षांची. खोटं बोलू नये, देवाला आवडत नाही, असं म्हटलं. ती म्हणाली, "वाईट आहे म्हणून आवडत नाही, की त्याला आवडत नाही म्हणून वाईट आहे?" ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसने युथिफ्रो नावाच्या माणसाला जवळजवळ हेच विचारलं होतं, हे मला नवऱ्याने नंतर सांगितलं. वाईट आधीच वाईट असेल, तर ते ठरवायला देव लागत नाही. देवाने ठरवलं म्हणून वाईट असेल, तर उद्या त्याने उलट ठरवलं तर? तेव्हापासून "देवाला आवडत नाही" हे वाक्य मी घरात वापरत नाही. "त्याला वाईट वाटेल ना" असं सांगते, आणि ज्याला वाटेल त्याचं नाव घेते. हे तिला लगेच कळतं.

*

वय ७४. लहानपणापासून मला नास्तिक म्हणून हिणवलं गेलं. साठीनंतर संस्कृत शिकलो तेव्हा कळलं की वेद मानणाऱ्या षड्दर्शनांत पूर्वमीमांसा आहे आणि तिला सृष्टिकर्ता ईश्वर मान्य नाही. त्यांतल्याच सांख्य दर्शनाच्या ग्रंथाचं, सांख्यकारिकेचंही, ईश्वरावाचून चालतं. तरी ही दर्शनं आस्तिकच, कारण तिथे आस्तिक म्हणजे वेद मानणारा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त वाचलं. सृष्टी कुठून आली हे तो वरचा अध्यक्ष जाणतो, "किंवा जाणत नसेलही", असं म्हणून ते थांबतं. मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. लहानपणी हे कोणी दाखवलं असतं, तर घरात एवढी भांडणं झाली नसती.

*

विश्वास गेला, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण बायकोच्या गाठीचा रिपोर्ट चांगला आला, त्या दिवशी डॉक्टरांचे आभार मानून झाले, प्रयोगशाळेतल्या मुलाचेही झाले, तरी ते संपेनात. उरलेले कोणाला देऊ, हा माझा प्रश्न. अजून तसाच आहे.

*

धागा काढणारा मीच परत लिहितोय. काल वहिनीला हे सगळं वाचून दाखवलं. आधी विचारलं होतं तिला, चालेल का म्हणून. लिस्बनपाशी ती उठून गेली, परत आली. शेवटी तिने परिचारिका ताईंसाठी एक प्रश्न लिहायला सांगितला, तिच्याच शब्दांत देतो: "त्या गेलेल्या बाळाचं नाव ठेवलं होतं का?"

*

हो वहिनी. ठेवलं होतं. पेटीवरच्या पट्टीवर मीच लिहिलं होतं, मला अजून आठवतं.