रस्ताच नाही तिथे व्हॅन काय करणार?

वर कुणीतरी म्हटलंय की फिरता दवाखाना म्हणजे नुसती गाडी येते, गोळ्या वाटते नि जाते, त्यापेक्षा तोच पैसा गावातल्या आरोग्य उपकेंद्रावर घाला. अर्धं पटतं. पण नंदुरबारात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली नर्मदाकाठची गावं बघा, सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, आणि मणिबेली, चिमलखेडीसारख्या ठिकाणी पाडे डोंगरउतारावर असे विखुरलेत की एका पाड्यावर उपकेंद्र बांधलं तरी पलीकडच्या खाडीतल्या माणसाला तिथे यायला बोटच लागते. म्हणून तिथे तरंगता दवाखाना आहे, म्हणजे डॉक्टर, नर्स, औषधं सगळं बोटीवर.

मी उन्हाळ्यात एकदा त्या भागात गेलो होतो. पाणी उतरलेलं, काठाला नुसता गाळ, बोट काठाला लागेना. एक बाई तान्हं पोर कडेवर घेऊन गुडघाभर चिखलातून बोटीपर्यंत आली, दुसऱ्या हातात लसीकरणाचं कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, कोरडंच्या कोरडं. ते कार्ड अजून डोळ्यासमोरून जात नाही.

आणि गोळ्या वाटण्याचं म्हणाल तर तिकडे भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्याला फॉलिक अॅसिडची गोळी रोज लागते, त्यामुळे बोट ठरलेल्या दिवशी येणं आणि पुढच्या फेरीपर्यंत पुरेल एवढं औषध हातात देणं हाच तिथला खरा उपचार आहे. बोट नको म्हणू नका, तिची फेरी चुकणार नाही यासाठी भांडूया.