अनुभव धागा: पोर्तुगालचं १९७४, घड्याळ आणि कागद समोर ठेवून

धागाकर्ती: पोर्तुगालचं १९७४, म्हणजे २५ एप्रिलला लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव करून हुकूमशाही उलथवली ते वर्ष. ते म्हटलं की बंदुकीच्या नळीत खोवलेलं लाल कार्नेशनचं फूल आठवतं आणि बहुतेकांचं वर्ष तिथेच संपतं. रेडिओ, लष्करी इतिहास, दफ्तरखाना, जन्मनोंदी यांपैकी कशावरही काम केलेल्यांनी इथे नेमकं लिहावं. भारावलेलं लेखन नको. वेळ दिलीत तर घड्याळ कुठलं तेही सांगा.

सुरुवात घड्याळापासूनच करते. १९६६ ते १९७६ या काळात पोर्तुगाल बाराही महिने ग्रीनिचच्या एक तास पुढे होता. म्हणजे तिथल्या वेळेत साडेचार तास मिळवले की आपली वेळ. आजच्या फरकाने हिशेब केला तरी एप्रिलमध्ये उत्तर बरोबर येतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. मार्च आणि डिसेंबरच्या नोंदी मात्र तासाभराने सरकतात.

लहरी: उठावाचे रेडिओवरचे संकेत दोन होते आणि त्यांची कामं वेगळी होती, हे सहसा कुणी सांगत नाही. पहिला २४ एप्रिलच्या रात्री १०:५५ ला (तारीख २४, २५ नव्हे). लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावरून ‘इ देपोइश दो आदेउश’ हे गाणं वाजलं. केंद्राचा पल्ला लिस्बन आणि आसपासचा, त्यामुळे अर्थ एवढाच की तयार राहा. दुसरा रात्री १२:२० ला रादिओ रेनासेन्सावरून, ‘ग्रान्दोला, विला मोरेना’. हे केंद्र देशभर ऐकू जायचं. हे वाजलं की तुकड्या बाहेर काढायच्या, माघार नाही. पहिल्यावरच भिस्त ठेवली असती तर उत्तरेकडच्या छावण्यांना पत्ताच लागला नसता. आणि फोनवर बोलायचं तर गुप्त पोलीस ऐकणार.

निवडही डोक्याने केलेली. पहिलं गाणं त्याच महिन्यात युरोव्हिजन गीतस्पर्धेला गेलेलं. ब्रायटनला ३ गुण मिळून शेवटच्या क्रमांकात वाटेकरी झालं, पण रेडिओवर वाजलं तर कोण संशय घेणार? दुसऱ्यासाठी ‘ग्रान्दोला’चा गायक झेका अफोन्सो याचंच वेगळं गाणं ठरत होतं, पण ते त्या केंद्राच्या बंदी यादीत होतं. ‘ग्रान्दोला’ नव्हतं. केंद्र कॅथलिक चर्चचं, हेही लक्षात असू द्या.

चिलखत: लहरी, उत्तम. पण २५ एप्रिल समजून घ्यायला १६ मार्च आधी वाचा. त्या पहाटे काल्दाश दा राइन्याच्या पायदळ रेजिमेंटमधून सुमारे २०० जण लिस्बनकडे निघाले. बाकीच्या छावण्या हलल्याच नाहीत. तुकडी राजधानीच्या जवळ पोचली, एकटे पडल्याचं कळल्यावर वळली आणि सगळे पकडले गेले. धैर्याला कमी नव्हते, समन्वय नव्हता. ओतेलो साराइव्हा द कार्व्हाल्यो यांनी पुढची योजना आखताना नेमकी हीच भोकं बुजवली: लेखी आदेश, प्रत्येक तुकडीला ठरलेलं लक्ष्य, पोन्तिन्याच्या अभियंता रेजिमेंटमध्ये एकच नियंत्रण कक्ष, आणि सगळ्यांना एकाच क्षणी मिळणारा संकेत. राजवाडे-मंत्रालयांच्या आधी रेडिओ, दूरचित्रवाणी आणि विमानतळ ताब्यात घ्यायचे, हा क्रमही त्यातलाच. पहाटे ४:२६ ला रादिओ क्लुबेवरून पहिलं निवेदन वाचलं गेलं, घराबाहेर पडू नका म्हणून. लोकांनी ते अजिबात ऐकलं नाही, आणि उठाव तरला त्यात या न ऐकण्याचा वाटा मोठा आहे.

सान्तारेंच्या घोडदळ शाळेतून कॅप्टन साल्गेइरो माइया सुमारे २४० जण घेऊन निघाले आणि सकाळी सहाच्या सुमारास लिस्बनच्या तेर्रेइरो दो पासो चौकात पोचले. गाड्या जुनाट. समोर सरकारी बाजूने एम-४७ रणगाडे आले, त्यांच्यापुढे या गाड्यांचा निभाव लागला नसता. रिबेइरा दश नाउश रस्त्यावर सरकारी ब्रिगेडियरने गोळी चालवायला सांगितली, तेव्हा रणगाड्यातल्या कॉर्पोरलने हुकूम पाळला नाही. नदीतली फ्रिगेट ‘गागो कोतिन्यो’ही गप्प राहिली. दुपारी कार्मोच्या छावणीला वेढा पडला. आत पंतप्रधान मार्सेलो कायतानो. दर्शनी भिंतीवर गोळीबार झाला तरी ते कॅप्टनच्या हाती सत्ता द्यायला तयार नव्हते, म्हणून जनरल स्पिनोलांना बोलवावं लागलं. संध्याकाळी कायतानोंना शाइमित चिलखती गाडीतून नेलं. फुलांचं श्रेय सेलेश्त काइरो या उपाहारगृहातल्या कामगार बाईंचं. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही.

दफ्तरी: ‘रक्तहीन क्रांती’ लिहिणाऱ्यांसाठी: त्याच संध्याकाळी अन्तोनियु मारिया कार्दोझु रस्त्यावर गुप्त पोलिसांनी आपल्या मुख्यालयातून जमावावर गोळ्या झाडल्या, ४ माणसं मेली. या दलाला सरसकट ‘पिद’ म्हणतात, पण १९६९ पासून कागदोपत्री ते ‘डीजीएस’. जुन्या नावाने शोधलं तर १९७४ च्या फायली सापडत नाहीत.

राजकीय कैद्यांच्या काशियाश तुरुंगाची दारं २६-२७ एप्रिलच्या रात्री उघडली. आपल्याकडे हे नाव तिथे कैदेत असलेले गोवा मुक्तिसैनिक मोहन रानडे यांच्यामुळे माहीत आहे, पण ते जानेवारी १९६९ मध्येच सुटले होते. दोन घटना एकत्र करू नका.

त्या वर्षी गेलेल्यांच्या यादीत हमखास गळणारं नाव फेरेइरा द काश्त्रो, २९ जून, पोर्तो. बाराव्या वर्षी ब्राझीलला गेलेला आणि ॲमेझॉनच्या रबराच्या मळ्यात राबलेला हा लेखक. ‘आ सेल्व्हा’ (१९३०) त्याच अनुभवातून आली. त्या उन्हाळ्यात सरकारं बदलत होती, लेखकाच्या जाण्याला कितीशी जागा मिळणार! किमान वेतनाचीही तीच गत: २७ मेच्या हुकमाने महिना ३,३०० एस्कुदो ठरलं, पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळलेले. ‘सर्वांना’ असं लिहू नका.

धागाकर्ती: वसाहतींचं कुणी लिहील का? विशेषतः वर्षाचा शेवट.

मांडवीकाठ: लिहितो, ताई. किल्ली म्हणजे २७ जुलैचा कायदा ७/७४. वसाहतींना स्वयंनिर्णयाचा आणि स्वातंत्र्याचा हक्क त्याने मान्य केला. तो नसता तर पुढच्या सह्यांना घटनात्मक आधारच नव्हता. मग ७ सप्टेंबरला लुसाकात मोझांबिकच्या फ्रेलिमो या मुक्ती संघटनेशी करार, १० सप्टेंबरला गिनी-बिसाऊला मान्यता, ३० सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षपदाचा स्पिनोलांचा राजीनामा. त्यांना इतका वेग नको होता.

आणि ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश आणि आपले परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या करारावर सह्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मानलं. तेही सहीच्या तारखेपासून नव्हे. हे प्रदेश ज्या त्या दिवशी भारतीय राज्यघटनेनुसार भारतात आले, त्या दिवसापासून. म्हणून ‘गोवा १९७४ ला भारताचा झाला’ हे वाक्य कराराच्याच मजकुराविरुद्ध जातं. करार अंमलात आला जून १९७५ मध्ये.

याच महिन्यात दुसरा कागद निघाला, हुकूम ३०८-अ/७५. वसाहतींतल्या लोकांच्या नागरिकत्वाचं त्यात ठरलं आणि पूर्वीच्या ‘एश्तादो दा इंदिया’त, म्हणजे पोर्तुगीज भारतात, जन्मलेल्यांना इच्छा जाहीर करून पोर्तुगीज नागरिकत्व राखायची मुभा मिळाली. गोव्यात आजही चाललेल्या जन्मनोंदीच्या धावपळीचा उगम इथला. जन्म १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा हवा. नोंदवहीची पूर्ण नक्कल (इथे ‘तेओर’ म्हणतात) काढायची, अपोस्टिल करायची (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंद उतरवून घ्यायची. क्रम वरून खाली: आधी आजोबा किंवा वडील, त्यांचं लग्न, मग मुलं. अडतं ते जवळजवळ नेहमी आडनावात, एका कागदावर देसाई आणि दुसऱ्यावर देस्साय. ती दुरुस्ती गोव्यातच, अपोस्टिलच्या आधी करून घ्या. नंतर केलीत तर शिक्क्यापासून सगळं पुन्हा. आणि परदेशी नागरिकत्व आपणहून घेतलं की भारतीय जातं, तेव्हा अर्जाआधी वकिलाला विचारा.

लहरी: मांडवीकाठ, चव्हाण-सोआरिश सह्यांची लिस्बनची वेळ काढताना धागाकर्तींचा फरक वापरा, साडेचार तास वजा. साडेपाच केलेत तर चुकेल.