वकील ते अपक्ष खासदार : कृष्ण मेनन यांची वाट सीमाभागात चालेल का?

खानापूरचा वकील :
नमस्कार. मी आठ वर्षे खानापूर आणि बेळगावच्या न्यायालयांत वकिली करतो. गावच्या वाचनालयात व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याविषयी वाचल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. १९३४ साली लंडनमध्ये बॅरिस्टर झालेले, पुढे देशाचे संरक्षणमंत्री राहिलेले मेनन काँग्रेसने तिकीट नाकारल्यावर अपक्ष उभे राहून दोनदा पडले आणि त्यानंतर अपक्ष म्हणूनच दोनदा लोकसभेत गेले. आपल्याकडचा एखादा वकील असा पक्षाविना दिल्ली गाठू शकेल का, आणि गाठली तर त्याच्या वकिलीचा तिथे काय उपयोग होईल?

टिळकवाडीतील निवृत्त शिक्षक :
वकीलसाहेब, मेनन कुठे पडले आणि कुठे निवडून आले हे नीट पाहा. १९६७ मध्ये ईशान्य मुंबईत काँग्रेसचे स. गो. बर्वे यांनी त्यांना हरवले. बर्वे यांचे लवकरच निधन झाले आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांचा पुन्हा पराभव केला. दाक्षिणात्य म्हणून त्यांच्याविरुद्ध तेव्हा नव्या शिवसेनेने रान उठवले होते. भाषेवरून होणारा दुजाभाव रोज सोसणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट विसरू नये, असे मला मनापासून वाटते. पुढे १९६९ मध्ये हेच मल्याळी गृहस्थ बंगालमधील मिदनापूरची पोटनिवडणूक जिंकले, कारण त्या राज्यात नुकतीच सत्तेवर आलेली, डाव्या पक्षांचा मोठा वाटा असलेली संयुक्त आघाडी त्यांच्या पाठीशी होती. १९७१ मध्ये त्रिवेंद्रममध्येही डाव्यांचे बळ त्यांच्यामागे होते. म्हणजे कागदावर अपक्ष असले, तरी गावोगाव फिरणारी माणसे कुणाची तरी होतीच.

निपाणीची वकील :
सरांचे म्हणणे इथे तंतोतंत लागू पडते. आपली मराठी मते तीन लोकसभा मतदारसंघांत विभागली आहेत : बेळगाव शहर आणि ग्रामीण भाग बेळगावात, निपाणी चिक्कोडीत, तर दादा, तुमचे खानापूर थेट उत्तर कन्नडमध्ये, ज्याचे टोक कारवार-भटकळकडे आहे. बेळगावच्या २०२१ च्या पोटनिवडणुकीत सीमाभाग महाराष्ट्रात यावा यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या तरुण उमेदवाराने एक लाखाहून अधिक मते घेतली. विजयी आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांतील अंतर मात्र सुमारे पाच हजारांचेच होते. एवढी मते निकाल फिरवू शकतात, पण जागा जिंकायला गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गच्या कन्नड मतदारांसमोरही जावे लागेल, आणि तेही त्यांच्या भाषेत. शिवाय अपक्षाला दहा सूचक, म्हणजे अर्जावर त्याचे नाव सुचवणारे मतदार, लागतात आणि चिन्ह मिळते ते माघारीची मुदत संपल्यावर. तिथून मतदानापर्यंतच्या दोन-अडीच आठवड्यांत ते नवे चिन्ह कणकुंबी-जांबोटीच्या वाड्यावस्त्यांवरील आजीबाईंच्या लक्षात राहील असे पोहोचवायचे, तर घरोघरी जाणारी माणसे आधीपासून जोडलेली हवीत.

शहापूरचा वाचक :
वकिलीच्या उपयोगाविषयी थोडे सांगतो. सभागृहात बोलायला वेळ मिळतो तो पक्षाच्या संख्याबळानुसार, त्यामुळे अपक्षाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात आणि तेवढ्यात मुद्दा मांडायची सवय वकिलाला असते. खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेले विधेयक, मात्र अपक्षही आणू शकतो. त्याचा मसुदा कलमागणिक नेमका लिहिणे हे तर तुमचे रोजचेच काम आहे. मेनन यांनी वकिलीही सोडली नव्हती. केरळचे कम्युनिस्ट नेते नंबुद्रीपाद यांच्यावरील न्यायालयाच्या अवमानाच्या खटल्यात ते १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. दोष कायम राहिला, पण हजार रुपयांचा दंड पन्नासवर आला. खासदारांना वकिली करण्यास मनाई नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्टही केले आहे. एक काळजी मात्र घ्या : अपक्ष म्हणून निवडून आल्यावर एखाद्या पक्षात गेलात, तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, सदस्यत्व जाते. मेनन यांच्या काळी हा कायदा नव्हता; तो १९८५ चा आहे.

खानापूरचा वकील :
सर्वांचे आभार. माझे पक्षकार निम्मे मराठी, निम्मे कन्नड आहेत. कन्नड मी बोलतो, पण त्या भाषेत भाषण करण्याइतकी ती पक्की नाही. सुरुवात तिथूनच करतो.