सर्व्हर सारखा डाउन : चूक होस्टिंगवाल्याची, डेव्हलपरची की माझी?

नंदनवनचे सर
नागपुरात नंदनवनला माझा पोलीस भरतीचा छोटा क्लास आहे. दर रविवारी सकाळी ९ ला ऑनलाइन टेस्ट असते. ४०० पोरं, पार गडचिरोली-भंडाऱ्यापर्यंतची. दोन महिन्यांत साइट सात वेळा गेली. परवा ९ वाजून ४ मिनिटांनी गेली ती पावणेअकराला उगवली. तोवर ग्रुपवर धो धो मेसेज : "सर, गोल फिरून राहिलं", "सर, टायमर चालू आहे का बंद?" ६१ जणांनी पैसे परत मागितले, दिले. साइट जिच्या सर्व्हरवर ठेवलीय ती होस्टिंग कंपनी म्हणते आमचा सर्व्हर ठणठणीत. डेव्हलपर म्हणतो होस्टिंग बदला. मी वर्षाला ३,६०० रुपये भरतो आणि जाहिरातीत ठळक लिहिलंय '९९.९ टक्के अपटाइम', म्हणजे तेवढा वेळ साइट चालू. शब्द त्यांनी दिला, तर जबाबदारीही त्यांचीच. चुकत असेन तर सांगा.

अर्धविराम
सर, राग मानू नका. ३,६०० म्हणजे महिन्याला ३०० रुपये. त्यात शेअर्ड होस्टिंग मिळतं, म्हणजे एका मशीनवर शेकडो साइट. तुम्ही ऑटोत अख्खी वरात कोंबली आणि आता ऑटोवाल्याला विचारताय की टायर का फुटला. ४०० जण एकाच मिनिटाला लॉगिन करणार हे कंपनीला कोणी सांगितलं होतं?

बर्डीवाला
काऊन भाऊ, जाहिरातीत 'अनलिमिटेड' लिहितात तेव्हा ऑटो असतो का ट्रॅव्हल्स? माह्या दुकानाच्या साइटवर दिवसाला तीस माणसं येत नाहीत, तरी ती महिन्यातून दोनदा झोपते. वरात कुठून आणू मी?

अर्धविराम
अनलिमिटेड असते ती जागा आणि बँडविड्थ, म्हणजे डेटाची ये-जा. सीपीयू, मेमरी आणि एका वेळी चालणाऱ्या प्रोसेस, म्हणजे सर्व्हर एकदम हाताळतो ती कामं, यांना मर्यादा असते. करारात लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही.

बर्डीवाला
मोठ्या अक्षरात द्यायचं आन् बारीक अक्षरात काढून घ्यायचं, याले आमच्या बर्डीत वेगळा शब्द आहे. इथं लिहीत नाही.

माजी सपोर्ट
मी चार वर्षं एका होस्टिंग कंपनीत रात्रपाळीला तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या लेखी तक्रारी, उत्तरत होतो, दोन्हीकडचं पाहिलंय. सर, एक गोष्ट सांगा. साइट जाते तेव्हा स्क्रीनवर नेमकं काय दिसतं? '५०८ रिसोर्स लिमिट' आलं तर तुमच्याच खात्याची मर्यादा संपली. पुष्कळ स्वस्त प्लॅनमध्ये एका वेळी २० प्रोसेस चालतात, एकविसावा दारात. आणि लॉगिन केलेल्या पोरांना कॅशमधलं, म्हणजे आधीच बनवून साठवलेलं, तयार पान देता येत नाही, प्रत्येक क्लिक डेटाबेसपर्यंत जाते. पण काहीच न येता नुसतं 'टाइम आउट' होत असेल आणि सीपॅनेल, म्हणजे साइट सांभाळायचं पानसुद्धा उघडत नसेल, तर मशीनच झोपलेली, ते कंपनीचं पाप. आम्हाला मात्र दोन्ही वेळी एकच उत्तर चिकटवायला सांगायचे : 'आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे.'

नंदनवनचे सर
फोनमधले स्क्रीनशॉट काढून बसलो. चार रविवारी ५०८. हे कबूल. पण उरलेल्या तीन वेळा रात्री दोन ते चारच्या मधे, टाइम आउट, आणि सीपॅनेलही बंद. तिन्ही एकाच महिन्यातले, मिळून २ तास ४५ मिनिटं. पहाटे तीनला माझी कोणती वरात निघाली होती, अर्धविराम?

अर्धविराम
बरं, रात्रीचं त्यांचं. पण ६१ जणांचे पैसे रविवारमुळे गेले ना? रात्रीच्या बंदने तुमचा रुपया नाही गेला.

माजी सपोर्ट
हिशोब असा : ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद चालतं. १६५ मिनिटं म्हणजे शब्द मोडला. पण तो मोडल्याची शिक्षाही करारातच असते, बहुतेक ठिकाणी महिन्याच्या बिलातली काही टक्के सूट. समजा १० टक्के धरली, तर तुम्हाला मिळणार ३० रुपये. एक प्लेट तर्री पोहे. तेही तुम्ही तिकीट टाकून मागितले तर.

कलम ७३
करारात लिहिलं म्हणून सगळं पचत नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवायची इमारत, जळालं. काही ग्राहकांचा बॅकअप त्याच इमारतीत होता, तोही गेला. कंपनीने भरपाईच्या मर्यादेचं कलम पुढे केलं, तरी २०२३ मध्ये लिलच्या व्यापारी न्यायालयाने एका ग्राहकाला एक लाख युरोंहून जास्त द्यायचा निकाल दिला. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक कायद्यात व्यापारासाठी घेतलेली सेवा बसत नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली बसते, आणि तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे नागपुरातच करता येते. मात्र ५०८ चे रविवार घेऊन गेलात तर पहिल्या तारखेलाच तोंडघशी पडाल. रात्रीचे तीन तेवढे न्या.

बर्डीवाला
३० रुपयांसाठी वकील? बाप्पा!

अर्धविराम
माझा मुद्दा राहिलाच. ही साइट ज्याने बांधली त्याने टेस्टला किती पोरं बसणार हे विचारलं होतं का? मी क्लायंटला पहिलं तेच विचारतो. न विचारता स्वस्त प्लॅन गळ्यात मारणारा डेव्हलपर यात सगळ्यात मोठा दोषी. माझ्याच धंद्यातला असला तरी.

नंदनवनचे सर
त्याला काय दोष देऊ? माझाच विद्यार्थी, इंजिनिअरिंगला असताना ८,००० रुपयांत करून दिली. तेव्हा क्लासला ४० पोरं होती. ४०० झाली हे मीच त्याला कधी सांगितलं नाही.

आणि आज कंपनीला फोन लावला तर म्हणाले, मर्यादा ओलांडल्याचे तीन मेल पाठवलेत, नोंदवलेल्या पत्त्यावर. पत्ता विचारला. त्या पोराचा कॉलेजातला जुना ईमेल. डोमेन, म्हणजे साइटचं नावही त्याच्याच नावावर. मी मालक आहे हे आधी त्याच मेलवरून सिद्ध करा, मग प्लॅन वाढवतो, म्हणतात.

पोरगा आता पुण्याला नोकरीत आहे. पासवर्ड आठवतो का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सर, शनिवारी रात्री निवांत बघतो."
रविवारी ९ ला टेस्ट आहे.