मदत हवी आहे: बारवेच्या पायऱ्या पॅनोरमात जुळत नाहीत

दुधनाकाठ | रविवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. इथं बरेच फोटोवाले आहेत म्हणून धागा काढतोय.

सेलू तालुक्यातलं आमचं गाव. गावाबाहेर बारव (पायऱ्यांची जुनी विहीर) आहे. तीन बाजूंनी उतरता येतं, म्हणजे जाणकारांच्या भाषेत 'जया'. (एकाच वाटेची असली तर नंदा, दोन असल्या तर भद्रा, चार असल्या तर विजया. हे मलाही गाळ काढतानाच कळलं.) वालूरची चक्राकार बारव आमच्याच तालुक्यातली, ती बघायला लांबून लोक येतात. आमची काही तेवढी देखणी नाही. पंचवीसेक वर्षं तर उकिरडाच होता तिथं. मागच्या दोन उन्हाळ्यांत पोरांनी गाळ काढला, बाभळी तोडल्या आणि महाशिवरात्रीला पायऱ्यांवर पणत्या लावल्या. त्या रात्री गावातल्या म्हाताऱ्या बायका काठावर बसून रडल्या, एवढं सांगतो आणि पुढं जातो.

आता ग्रामपंचायतीला बसस्टँडच्या भिंतीवर बारवेचा फ्लेक्स लावायचाय, १२ बाय ४ फूट. गावात कॅमेरा माझ्याकडेच, लग्नाचे फोटो काढतो मी, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात.

आधी मोबाइलवर आडवा फिरवून पाहिलं. दगडांना लाटा आल्या. मग कॅमेरा (क्रॉप सेन्सर, २४ मेगापिक्सेल, १८-५५ भिंग) ट्रायपॉडवर उभा लावला, बारवेत मधल्या टप्प्यावर उतरून गोल फिरत १४ फोटो घेतले आणि ह्युगिनमध्ये (फोटो जोडायचं फुकट सॉफ्टवेअर) जोडले. असाच पॅनोरमा आदल्या दिवशी ज्वारीच्या रानात काढला होता. तो एका दमात जुळला, सांधा शोधून सापडत नाही. बारव मात्र जुळेना.

समोरची भिंत ठीक आहे. पण डाव्या हाताला, माझ्यापासून चार फुटांवर, एक देवकोष्ठ (मूर्तीसाठीचा कोनाडा) आहे. त्याची चौकट मधोमध चिरल्यासारखी दिसते: वरचा दगड बोटभर इकडं, खालचा तिकडं. त्याच्या खालची सातवी पायरी पुढं जाऊन आठवीला मिळते. शेवटी मोजल्या. प्रत्यक्षात पायऱ्या २३. फोटोत एका कडेनं २३, दुसऱ्या कडेनं २२. सरपंचकाकांना दाखवलं तर म्हणाले, "एक पायरी चोरलीस का रं?"

शिवाय उजेडाचे पट्टे पडलेत. एक फोटो काळा, त्याच्या शेजारचा पांढुरका.

भिंग बदलावं का? पाचेक हजारांत बसेल असं काही आहे का? की मला जमणारच नाही हे?

---

टेकडीवरचा टॉवर | रविवार, रात्री १०:२०

एवढी यातायात कशाला? ३६० अंशांचा कॅमेरा भाड्यानं आण, काठीवर लाव, एक क्लिक. विषय संपला.

---

मी अंबाजोगाईकर | रविवार, रात्री ११:०५

टॉवरदादा, विषय संपत नाही. त्या कॅमेऱ्यात पाठीला पाठ लावून दोन भिंगं असतात आणि त्यांच्यात अंतर असतंच. चार फुटांवरच्या दगडाला तिथंही सांधा दिसू शकतो. आणि स्वस्तातल्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण सहा हजार पिक्सेल रुंद. १२ फुटांवर ताणला तर इंचाला चाळीसेक पिक्सेल येतात. बसस्टँडवर लोक फ्लेक्सला टेकून उभे राहतात हो!

दुधनाकाठ, भिंग बदलू नका. खोट भिंगात नाही, फिरवण्यात आहे. आत्ता बसल्या जागी करून बघा: एक डोळा मिटा, अंगठा नाकासमोर धरा आणि मान डावी-उजवीकडं वळवा. अंगठा मागच्या भिंतीवरून सरकतो ना? डोळा मानेच्या पुढं आहे, मान फिरली की डोळ्याची जागाच बदलते. तुमच्या ट्रायपॉडवर हेच झालं. कॅमेरा फिरतो तो तळाच्या स्क्रूभोवती आणि 'डोळा' असतो पुढं भिंगात. ज्वारीच्या रानात सगळंच लांब, त्यामुळं तो फरक दिसला नाही. बारवेत देवकोष्ठ चार फुटांवर आणि समोरची भिंत तीस फुटांवर, दोघांचं एकमेकांशी नातं प्रत्येक फोटोत वेगळं. मग ह्युगिननं तरी कोणाचं ऐकावं?

त्यात पायऱ्या सगळ्या सारख्या. जुळणाऱ्या खुणा शोधताना सॉफ्टवेअर सातवीला आठवी समजतं. तुमची पायरी 'चोरली' गेली ती अशी.

वेरूळला मीही हेच भोगलंय. १६ नंबरच्या, म्हणजे कैलास लेण्याच्या, वरच्या डोंगरकडेवरून घेतलेला पॅनोरमा सुरेख जुळला. खाली अंगणात, हत्तीच्या शेजारी उभं राहून घेतला तर हत्तीला साडेचार पाय.

---

दुधनाकाठ | रविवार, रात्री ११:३१

ताई, अंगठा फिरवून पाहिला. बायको विचारायली, बरं आहे ना म्हणून.

कळलं. पण मग कॅमेरा भिंगाभोवती फिरवायचा कसा? त्यासाठी ट्रायपॉडवर बसवायचं खास हेड मिळतं म्हणे, पण किंमत बघून मोबाइल बाजूला ठेवला.

---

मी अंबाजोगाईकर | सोमवार, सकाळी ७:१५

गावात गवंडी आहे ना? त्याच्याकडून ओळंबा मागून आणा.

चेष्टा नाही. वेरूळला परवानगीशिवाय ट्रायपॉड नेता येत नाही, तेव्हा हीच युक्ती कामाला आली. जगभरचे पॅनोरमावाले ती वापरतात, फिलोपॉड म्हणतात तिला. भिंगाच्या नळीला रबरबँडनं दोरा बांधायचा, खाली ओळंबा. जमिनीवर रुपयाचं नाणं ठेवायचं. ओळंबा नाण्याच्या बोटभर वर राहील एवढा दोरा ठेवायचा. मग कॅमेरा हातात धरून तुम्ही नाण्याभोवती फिरायचं. सवय अशी असते की आपण जागेवर उभं राहून कॅमेरा फिरवतो. इथं उलटं. कॅमेरा जागेवर, पाय फिरते. दर फोटोआधी खाली एक नजर: ओळंबा नाण्यावर आहे का?

दोरा नेमका कुठं बांधायचा ते असं शोधा. पुढच्या काचेपासून थोडं मागं बांधून सुरुवात करा. घराच्या खिडकीची चौकट जवळची खूण, बाहेरचा विजेचा खांब लांबची. दोन्ही शेजारी-शेजारी दिसतील असे उभे राहा. आधी ही जोडी फ्रेमच्या उजव्या कडेला घ्या, फोटो काढा. कॅमेरा उजवीकडं वळवत जोडी डाव्या कडेला आणा, पुन्हा फोटो. दोन्हींतलं अंतर तेवढंच राहिलं तर जागा बरोबर. चौकट खांबाच्या मानानं डावीकडं सरकली असेल तर दोरा पुढं काचेकडं घ्या, उजवीकडं सरकली तर मागं. सापडली की तिथं चिकटपट्टीची खूण करा. झूम १८ वरून हलवायचं नाही, हलवलं की ही जागाही बदलते.

---

जुना डार्करूमवाला | सोमवार, दुपारी २:४०

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. पट्ट्यांचं मी सांगतो.

तुमचा कॅमेरा ऑटोवर होता. काळा पाषाण दिसला की तो फोटो उजळ करतो, आभाळ दिसलं की दाबतो. एम मोडवर या, म्हणजे सगळं हातानं ठरवायचं. भिंगाचं छिद्र एफ ८, शटर १/१०० च्या खाली नको, आयएसओ लागेल तसा, आणि एकदा ठरलं की पूर्ण फेरी होईस्तोवर हात लावायचा नाही. व्हाइट बॅलन्सही ऑटो नको. फोकस हातानं २ मीटरवर ठेवा; १८ मिमी, एफ ८ ला साधारण १ मीटरपासून पुढचं सगळं स्वच्छ येतं. आणि भर दुपारी जाऊ नका राव. अर्धी बारव उन्हात, अर्धी सावलीत, हे कुठल्याच कॅमेऱ्याला झेपत नाही. ढगाळ दिवस मिळाला तर सोनं, नाहीतर ऊन पायऱ्यांवरून उतरून गेल्यावर.

आता फ्लेक्सच्या मापाचं, कारण मला ते खटकतंय. १२ बाय ४ म्हणजे तिनास एक. बारव रुंद असते का? खोल असते! एका बाजूचं एक तृतीयांश वर्तुळ घेतलं, १२० अंश म्हणा, तर त्या मापात वरून खाली जेमतेम ४० अंश मावतात. ना काठ दिसणार, ना पाणी. त्यापेक्षा ६ बाय ६ करा.

---

दुधनाकाठ | सोमवार, संध्याकाळी ६:१०

काका, माप बदलणार नाही. भिंतीच्या एका बाजूला चहाची टपरी, दुसऱ्या बाजूला आमदारांचा बोर्ड. त्या दोन्हींना हात लावायची माझी ताकद नाही.

---

जुना डार्करूमवाला | सोमवार, संध्याकाळी ७:२५

😀 मग एकच वाट. पूर्ण ३६० अंश घ्या. सपाट उलगडल्यावर तिनास एकच्या मापात वरून खाली ९२ अंश बसतात. म्हणजे मधल्या टप्प्यावरून काठही येईल, पाणीही येईल. उभ्या कॅमेऱ्यात १८ मिमीला रुंदी ४७ अंश, उंची ६६. तेव्हा दोन फेऱ्या करा: एक २० अंश वर बघत, एक २० अंश खाली बघत. दर ३० अंशांना एक फोटो, असे १२ आणि १२ चोवीस. पूर्ण वर्तुळाला जवळजवळ २९ हजार पिक्सेल रुंदी मिळेल. फ्लेक्सला एवढी लागत नाही, पण असू द्या.

फक्त एक आधीच सांगून ठेवा सरपंचांना: पायऱ्या धनुष्यासारख्या वाकतील. त्याला इलाज नाही. पॅनोरमा हा प्रकारच मुळात गोल भिंतीच्या आतून बघायचा. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकारानं १७८७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हा प्रेक्षक मधोमध उभे आणि चित्र सभोवार, अशी रचना होती. ते गोल चित्र भिंतीवर सपाट ताणलं की सरळ रेषा वाकणारच.

माझ्या उस्तादांकडं हातभर लांबीचा एक शाळेचा ग्रुप फोटो होता, फिरत्या कॅमेऱ्याचा. सर्कट म्हणत त्या कॅमेऱ्याला, १९०४ च्या सुमारास अमेरिकेत निघाला. कॅमेरा स्वतः फिरायचा आणि आत फिल्म सरकायची. त्यात पोरं एका सरळ ओळीत बसलेली दिसतात, पण खरं तर कॅमेऱ्याभोवती कमानीत बसवलेली असत. सरळ रांग लावली असती तर मधली पोरं मोठी आणि टोकाची चिमुकली आली असती. (आणि एखादं बेरकी पोरगं डावीकडून फोटो निघाला की मागून पळत उजव्या टोकाला जाऊन उभं राहायचं. एकाच फोटोत दोनदा.) आता बारव काही कमानीत बसवता येत नाही.

---

खडकपूर्णा | सोमवार, रात्री ८:०२

वाचनखूण साठवली. आमच्या चारठाण्याच्या बारवेवर हाच प्रयोग करतो.

---

दुधनाकाठ | पुढचा रविवार, रात्री ८:४५

मंडळी, झालं! म्हणजे जवळजवळ.

गवंड्याचा ओळंबा आणला. दोन दिवस घरच्या खिडकीसमोर नाणं ठेवून फिरत होतो, गल्लीतल्या लोकांना वाटलं मूठ मारायलोय कोणावर. शनिवारी ढग होते, साडेचारला उतरलो. पहिली फेरी वाया गेली, वाऱ्यानं ओळंबा झुलत होता. भाच्याला नाण्यापाशी बसवलं, तो "थांबला" म्हणाला की मी बटण दाबायचो. २४ फोटो.

जोडल्यावर देवकोष्ठाची चौकट सलग आली. टाकीचे घाव सुद्धा एका फोटोतून दुसऱ्यात नीट जातात. पायऱ्या मोजल्या. दोन्ही कडांनी २३.

पण दोन भानगडी उरल्यात. एक, पाण्याजवळ पुन्हा थोडं फाटतंय. दोन, काकांचं बेरकी पोरगं: माझा भाचा तीन ठिकाणी आलाय, एका ठिकाणी तर नुसते पाय.

---

मी अंबाजोगाईकर | पुढचा रविवार, रात्री ९:२०

वा! फोटो टाका की इथं.

पाण्याचं सोपं आहे. सॉफ्टवेअरनं तरंगांवर आणि प्रतिबिंबांवर खुणा धरल्या असतील. कंट्रोल पॉइंटच्या टॅबमध्ये जाऊन पाण्यावरचे सगळे काढून टाका. ते जागचे हलतात, त्यांच्या साक्षीला अर्थ नाही. आभाळातल्या ढगांवरचेही काढा. पायऱ्यांवरचे मात्र एकेक तपासा, चुकीच्या पायरीला जोडलेला एखादा लपून बसलेला असतोच. मग चौकटींच्या उभ्या कडांवर उभ्या रेषेच्या खुणा हातानं द्या आणि पुन्हा ऑप्टिमाइझ करा, म्हणजे सगळी बारव ताठ उभी राहील.

भाच्यासाठी मास्कचा टॅब. ज्या फोटोत तो नकोय तिथं त्याच्याभोवती रेघ ओढून तो भाग वगळा. शेजारच्या फोटोत ती जागा मोकळी असेल तर तिथून भरली जाते. नसेल तर भाचा राहिला फ्लेक्सवर.

हे सगळं फुकटात मिळतंय ते ह्युगिनच्या पोटातल्या पॅनोरमा टूल्समुळं. हेल्मुट डर्श नावाच्या जर्मन प्राध्यापकांनी १९९८ मध्ये ती लिहून लोकांना देऊन टाकली. पॅनोरमावाल्यांत ही देण्याची रीत आहे. २००४ मध्ये वर्ल्ड वाइड पॅनोरमा म्हणून एक उपक्रम सुरू झाला: जगभरचे लोक ठरलेल्या दिवसांत आपापल्या गावचा एकेक गोल फोटो काढून एका ठिकाणी ठेवायचे. तुमची बारव तिथं शोभली असती.

---

दुधनाकाठ | सोमवार, रात्री १०:१५

ताई, काका, दोन्ही भानगडी मिटल्या. भाचा एकदाच ठेवलाय, खालच्या पायरीवर. त्याच्यामुळं खोली कळते.

सरपंचकाकांना लॅपटॉपवर दाखवलं. बराच वेळ गप्प. मग पायरीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्ये बरं आहे. पर आपली बारव गोल कवा झाली?" बार्कर सांगितला, कमान सांगितली. काही उपयोग नाही. शेवटी फोटोची प्रिंट काढून नळीसारखी वाकवली आणि त्यांना आत डोकं घालायला लावलं. आतून "अरे तिच्या मायला" असा आवाज आला, आणि फ्लेक्स मंजूर.

फोटो उद्या टाकतो. आत्ता गवंडी दारात उभा आहे. त्याच्याकडं सकाळी भिंत चढवायचीय आणि ओळंबा अजून माझ्या भिंगाला बांधलेला आहे.