वीज गेल्यामुळे हुकलेल्या विज्ञानमालिका आता पाहाव्यात का?

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार. १९९८ साली दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ सुरू झाली तेव्हा मी सहावीत होतो आणि आमच्या वस्तीत रंगीत टीव्ही एकाच घरी होता. भाग ऐन रंगात आला की हमखास वीज जायची, आणि पुढे काय झाले असेल यावर आम्ही पोरे पारावर बसून दिवेलागणीपर्यंत वाद घालत असू. आमच्या कथेत मिलिंद सोमणचा व्योम एकदा कापसाच्या बैलबंडीत लपूनही निसटला होता.

गेल्या महिन्यात भाच्याला मोबाइलवर तेच भाग दाखवले. यान खेळण्यासारखे दिसते म्हणून तो हसला, त्याचे मला फारसे वाटले नाही. मात्र तेव्हा हुकलेले भाग पाहिल्यावर पारावर रचलेला शेवटच सरस होता, असे वाटून मन खट्टू झाले. जुन्या मालिका, चित्रपट, चित्रकथा पुन्हा पाहाव्यात, की आठवणीतच राहू द्याव्यात? ज्यांनी हे करून पाहिले आहे, त्यांनी कृपया कळवावे.

उत्तर (पुसद)

भाऊ, जरूर पाहा. फक्त यान खरे वाटते का हे न तपासता ते तसे का केले असेल, हे शोधत पाहा. मी ऐंशीच्या दशकातला प्रेक्षक आहे. रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागली की धाकटा भाऊ अँटेनाचा बांबू धरून कौलांवर उभा राही आणि त्याला खालून गोष्ट सांगावी लागे. त्या मालिकेत माणसे यानात विरघळून ग्रहावर उमटतात. दर आठवड्याला यान उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते, म्हणून ही युक्ती निघाली, आणि त्यातली चमचम म्हणजे प्रकाशात उडवलेली ॲल्युमिनियमची भुकटी आहे. हे कळल्यापासून ते दृश्य आले की मी नातवाला गप्प बसवतो. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात या मालिकेचे ७९ भाग झाले. सगळेच चांगले आहेत असे नाही, तिसऱ्या पर्वातले काही मी अर्ध्यावर बंद केले.

उत्तर (धानोरा, जि. गडचिरोली)

माझा अनुभव थोडा कडू आहे. इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक काकांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. त्यांतला ली फॉक यांचा वेताळ, म्हणजे जंगलात राहणारा मुखवटाधारी नायक ‘फँटम’, १९३६ पासूनचा. भारतीय अंकांत त्याच्या देशाचे नाव बदलून डेंकाली केलेले होते. मी शिक्षिका आहे आणि माझ्या वर्गात बहुतेक मुले गोंड आहेत. कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसलेला गोरा वेताळ आणि भोवती विषारी बाण घेऊन उभे असलेले बांदार जमातीचे बुटके लोक, हे पान मी वर्गात दाखवले, तेव्हा एका मुलीने विचारले, “बाई, जंगल यांचं आहे तर राजा बाहेरचा कसा?” लहानपणी ते अंक वीसेक वेळा वाचूनही मला हा प्रश्न पडला नव्हता. अंक अर्थातच टाकून दिलेले नाहीत, कारण साय बॅरी यांनी काढलेले गर्द जंगल आजही डोळ्यांना धरून ठेवते. पण आता ते मी त्या मुलीच्या प्रश्नासह वाचते.

उत्तर (दारव्हा)

चित्रांचे झाले, आता छापील कथेविषयी. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून उतरवून घेतली होती, आणि पहिले बक्षीस तिलाच मिळाले. प्रकाशही ज्याच्या ओढीतून सुटत नाही अशा कृष्णविवराजवळचे घड्याळ दूर असलेल्याला संथ चालताना दिसते, हे तेव्हा जितके खरे होते तितकेच आजही आहे, त्यामुळे अशा कथेतले यान जुने दिसण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय ती कंदिलाच्या उजेडात वाचता येते, मी तशीच वाचली होती.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, त्या मुलीचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून गेला नाही. सध्या मी असे करतो की भाग रंगात आला की मोबाइल बंद करतो आणि पुढचे भाच्याला सांगायला लावतो. काल त्याचा व्योम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सोयाबीनच्या पोत्यांमागे लपला होता.