मदत हवी आहे: एकाच ऑपेरॉनमधले जीन सारखे का बोलंनात?

राम राम मंडळी. मी लातूरला एमएस्सी सेकंड इयरला हाय, बायोटेक. प्रोजेक्ट सी. एलिगन्सवर, म्हंजे मातीतल्या एका बारीक कृमीवर घेतलाय, पण कृमी डोळ्यानं बघितलेला नाही, लोकांनी पब्लिक केलेला आरएनए-सीक्वेन्सिंगचा डेटा (कुठल्या जीनचा आरएनए किती बनला त्याची वाचलेली अक्षरं) उतरवून लॅपटॉपवर बसायचं एवढंच. ऑपेरॉन म्हणलं की मला बारावीपासून लॅक ऑपेरॉनच माहीत, एक प्रमोटर (जीन चालू करायचं बटन), त्याच्या मागं तीन जीन, एकच लांब एमआरएनए (प्रोटीन बनवायची जीनची नक्कल). या कृमीच्या वीसेक हजार जीनपैकी १५ टक्क्यांच्या आसपास ऑपेरॉनमधी असतेत असं वाचलं, मग मी धरूनच चाललो की एका ऑपेरॉनमधले सगळे सारखेच बोलणार, म्हंजे सगळ्यांचा आरएनए सारखाच बनणार. आता तीन जीनचं एक काढून बघायलोय तर पहिल्याचे रीड (वाचलेले आरएनएचे तुकडे) चिमूटभर न् तिसऱ्याचे पोतंभर! स्क्रिप्ट तीनदा तपासली. वर तिसऱ्या जीनच्या काही रीडची सुरवातीची अक्षरं जीनोमला जुळंनातच, अलाइनर (रीड जीनोमवर जुळवणारं सॉफ्टवेअर) ती कापून बाजूला ठेवायलाय. गाईड म्हणाले डेटा खराब आसंल, दुसरा घे. माझं चुकलंय का कृमीचं?

(घरी पप्पा म्हणायलेत, तुझे कृमी म्हंजे आपल्या टमाट्याच्या मुळाला गाठी आणणारेच ना, मग औषध सांग.)

ऊसवाली ताई:
अरे डेटा टाकू नकोस, ती न जुळणारी अक्षरंच तुझं उत्तर आहे. बॅक्टेरियात लांब एमआरएनए तसाच्या तसा रायबोसोमकडं जातो. कृमीत तिन्ही जीन मिळून लांब आरएनए निघतो खरा, पण त्याचे तुकडे पडतात, प्रत्येक जीनचा एमआरएनए वेगळा. पहिल्याच्या शेवटाला कापून पॉली-ए शेपूट, म्हणजे नुसत्या 'ए' अक्षरांची माळ लागते आणि पुढच्याच्या तोंडाला २२ अक्षरांचा एक तयार तुकडा बाहेरून येऊन चिकटतो, टोपीसकट (एमआरएनएच्या तोंडाला लागणारं झाकण). त्याला एसएल-२ म्हणतात. दोन जीनच्या मधे जागा किती, तर साधारण शंभरेक अक्षरांची. हे १९९३ मधे कळलं, आणि ज्या जीपीडी-३ जीनवर एसएल-२ आधी सापडला होता तोच ऑपेरॉनमधे तिसरा निघाला.

आपल्याकडं ऊस लावतो तसं समज. बॅक्टेरिया अख्खा ऊस सरीत आडवा टाकतो, कृमी टिपरी तोडून लावतो. एकदा टिपरी वेगळी झाली की कुठली फुटली, कुठली कुजली ह्याला बाकीच्या जबाबदार नाहीत. एमआरएनए किती वेळ टिकतो हे प्रत्येकाचं वेगळं, काही ऑपेरॉनमधे मधूनच दुसरा प्रमोटर पण असतो. सुरू एकत्र होतात म्हणून साठा सारखा राहील असं काही नाही.

मी (प्रश्नवाला):
ताई हे कुणी वर्गात सांगितलंच नाही हो. मग कापलेली अक्षरं एसएल-२ चीच हायत हे ओळखायचं कसं? आणि एवढं तोडातोड करायचीय तर एकत्र ठेवायचेच काहून?

गोदाकाठ:
ताईचा ऊस एका ठिकाणी अडतो, टिपरीचा डोळा तिचा स्वतःचा असतो, इथं टोपी दुसरीकडून येते. असो. कापलेल्या तुकड्याचा शेवट बघ. टीटीटीजीएजी असेल तर एसएल-१ (असाच बाहेरून चिकटणारा दुसरा तुकडा), टीएसीटीसीएएजी असेल तर एसएल-२. एसएल-२ चे चुलतभाऊ पण आहेत, एखाद-दुसरं अक्षर हललं तर घाबरू नको. आणि रीड थोडेच मिळतील, कारण जीनच्या अगदी तोंडाशी जाणारे रीडच कमी असतात. एसएल-१ दिसला म्हणून ऑपेरॉन धरू नको, तो अर्ध्याहून जास्त जीनना लागतो.

काहून एकत्र, ह्यावर २०११ मधे आलेला विचार मला पटतो. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला खायला नसलं तर ते वाढ थांबवून पडून राहतं, खाणं आलं की शेकडो कामाचे जीन एकदम चालू करावे लागतात. जीन चालू करणारी यंत्रणा त्यावेळी अपुरी पडते, म्हणून प्रमोटर कमी असले तर बरंच. ऑपेरॉनमधे रोजच्या कामाचेच जीन जास्त भरलेत, मायटोकॉन्ड्रिया, प्रोटीन बनवणं वगैरे. नाहीतर शेजारी जीनचा एकमेकाशी संबंध असेलच असं नाही, लॅकसारखी एका कामाची टोळी समजू नको.

पप्पांना सांग, गाठीवाला सूत्रकृमी वेगळा, मुलाचा कृमी बॅक्टेरिया खातो. आणि लांबच्या नात्यातल्या कृमींत ऑपेरॉनमधल्या पहिल्यानंतरच्या जीनला पण एसएल-१ च लागलेला सापडलाय, तिथं एसएल-२ शोधत बसू नको.

मी (प्रश्नवाला):
आत्ता बघितलं. तिसऱ्या जीनचे ४१ रीड कापलेले, ३६ चा शेवट टीएसीटीसीएएजी! गाईडला उद्या प्रिंट काढून दाखवतो. पप्पा म्हणाले, ते ऱ्हाऊ दे, औषधाचं काय.